तळ दिसला पाहिजे

सिंदी मेघे, वर्धा
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास मेघाचा जय भीम.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडलं, असं रत्नदीपदादानं सांगितलं. फोनवर ओरडून माझाच घसा बसतो आणि तुझ्याकडून "काय? काय?" याच्यापलीकडे काही येत नाही, त्यापेक्षा हे पत्र बरं. पत्रात तुला मला मध्येच तोडताही येत नाही.

आता मुद्द्याचं. आर्वी रोडवर बबनरावांचं लग्नाचं लॉन आहे. त्यांनी तिथं पोहायचा मोठा पूल बांधलाय, उन्हाळ्यात तिकीट लावून सगळ्यांसाठी उघडतात. त्यांचा पाणी सांभाळणारा माणूस काम सोडून गेला. परवा ते आमच्या पंपाच्या दुकानात आले आणि रुपेशला बाजूला सारून थेट मला म्हणाले, "मॅडम, बंगल्याचे टाके किती दिवस घासान? आमच्याकडे या ना. गेटवर तुमच्या नावाचा बोर्ड लावून देतो."

मला काम येत नाही असं नाही. गेली काही वर्षं सिंदी मेघे आणि बोरगाव मेघेतल्या डॉक्टर लोकांचे पूल मीच सांभाळते. पाणी तपासायचं, क्लोरीन घालायचं, तळ घासायचा, फिल्टर धुवायचा. पण घरचा पूल म्हणजे घरचा स्वयंपाक. घरातली चार माणसं उतरणार, तीही आंघोळ करून. इथं गावजेवणाची पंगत. कोण कसा येईल, डोक्याला किती तेल चोपडून येईल, लहान पोरं पाण्यात काय काय करतील, याचा नेम नाही. बंगल्यात आठवड्यातून एकदा जाऊन भागतं, इथं दिवसातून कितीदा तरी पाणी तपासावं लागेल. रुपेश म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसर. मी म्हणते, पाय वाढले असतील तर अंथरूण बदलायचं की पाय कापायचे?

बोर्ड मोठा लावणार आहेत म्हणे. घेऊ का हे काम?

तुझी
मेघा

---

तळेगाव (श्यामजी पंत)
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मेघास आत्याचे आशीर्वाद.

घेऊ का म्हणून विचारतेस आणि पत्रात फिरून फिरून त्या बोर्डावर येतेस. म्हणजे तुझं ठरलेलं आहे. तुला फक्त रुपेशला दटावणारं कोणीतरी हवंय. घे, दटावते. रुपेशराव, बायको पाण्यात उतरायला निघाली तर काठावरून "थंड आहे, थंड आहे" करू नका.

आता तुला. बोरगावच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या घरी तू अजून मागच्या दारानं जातेस ना? मागे विचारलं तर म्हणालीस, चपला ओल्या असतात म्हणून. मी आयुष्यभर शाळेत पोरांची निमित्तं ऐकली, तेव्हा मला निमित्त सांगू नकोस. तुझा चहाचा कप त्यांच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. मला हसू आलं नव्हतं.

मी नोकरीला लागले त्या गावात हापशीवर माझी बादली सगळ्यांच्या शेवटी भरायची. बाई शिकवायला चालत होती, पाण्याच्या रांगेत पुढं चालत नव्हती. एक दिवस उजाडायच्या आत गेले, बादली नळाखाली उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिले. बाया आल्या, बोलल्या, शिव्या दिल्या. म्हटलं, आज आधी माझी भरेल, नाहीतर कोणाचीच नाही. त्या दिवसापासून रांगेत जी जागा मिळेल ती माझी.

तेव्हा बंगल्यांची मागची दारं पुष्कळ झाली. पुढच्या गेटनं जा आणि बोर्डावर नाव पूर्ण लिहायला सांग, आडनावासकट.

आत्या

---

सिंदी मेघे
३० मार्च २०२५

ती. आत्यास जय भीम.

बोर्ड लागला, आडनावासकट! रुपेशनं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढला, जणू त्याचीच नेमणूक झाली. मी करारात एकच अट घातली, की पुलाच्या गेटची किल्ली माझ्याकडे राहील. बंगल्यांत क्लोरीन टाकून पाठ वळली की पोरं लगेच उडी मारायची, म्हणून मला ती खोड लागलीय. बबनराव हसले, पण कबूल झाले.

आता माझी फजिती ऐक, नाहीतर तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल.

हळद आता मांडवात लागत नाही आत्या, पुलात लागते. नवरानवरी, करवल्या, मामे, मावश्या सगळे हळद आणि तेल माखून काठावर उभे राहतात, डीजे वाजतो, वरून ड्रोन फिरतो आणि धपाधप सगळे पाण्यात. आपला दारूबंदीचा जिल्हा, म्हणून लोक पाण्यातच झिंगतात. बंगल्यांचे एवढे पूल सांभाळले, पण हळदीचा पूल मी कधी बघितलाच नव्हता. पहिल्या लग्नात मंडळी जेवायला उठली आणि मी पाण्याकडे बघितलं, तर अख्खा पूल वरणासारखा. तपासायची पट्टी बुडवली तर तीही पिवळी, काही वाचता येईना. मी आपल्या हुशारीनं ठरवलं की पाणी आंबट झालं असणार, आणि सोडा ओतला, चांगला हात सैल सोडून.

आत्या, पूल लाल झाला. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. सोडा काय नि चुना काय, हळदीला दोन्ही सारखेच. मलाच तेवढं सुचलं नाही. बाया किंचाळल्या, नवरीची आजी "अपशकून झाला वं माय" म्हणत खालीच बसली. मी कपाळावर हात मारून उभी, आणि बबनरावांनी काय करावं? माईक घेतला आणि सांगितलं, "मंडळी, आमच्याकडून स्पेशल गिफ्ट, कुंकवाचा पूल!" टाळ्या पडल्या. पुढच्या लग्नवाल्यांनी तोच पूल मागितला म्हणे.

माणूस बिलंदर आहे, पण त्या दिवशी त्यानं माझी लाज राखली. पाणी निवळायला मात्र मला रक्त आटवावं लागलं. सोडा आता कुलपात ठेवलाय.

मेघा

---

तळेगाव (श्यामजी पंत)
१२ एप्रिल २०२५

चि. मेघास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची पंचफुला काय झालं म्हणून धावत आली. तिला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, "मास्तरीनबाई, तुमची पोरगी पूल चालवते का रसोई करते?"

आता आनंदाची बातमी. माझ्या नातीचं, रत्नदीपच्या स्वीटीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, अमर नाव, रेल्वेत आहे. लग्न १९ मे ला, पंचशील आणि वंदना घेऊन, आपल्या रीतीनं. माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण आदल्या दिवशी पोरीला हळद पाहिजे आणि तीही पुलात पाहिजे. मी म्हटलं, आपण कशाला त्या भानगडीत? तर म्हणते, "आजी, साऱ्या मैत्रिणीयनं केली, मीच काऊन नाई?" तिचं रडणं मला ऐकू येत नाही, पण दिसतं ना.

रत्नदीपनं मुद्दाम तुझंच लॉन ठरवलं. गेटवर तुझ्या नावाचा बोर्ड आहे म्हणून. मला आधी राग आला आणि मग झोपताना वेगळंच वाटू लागलं. माझ्या आईला विहिरीच्या कठड्याला हात लावू देत नव्हते. वरून ओंजळीत ओततील तेवढंच पाणी. तिची पणती आता निळ्या पाण्यात उडी मारणार, आणि त्या पाण्याची मालकीण कोण, तर माझ्या आईच्याच मुलाची मुलगी. हळद मला पटत नाही, पण हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. मी काठावर खुर्ची टाकून बसणार. माझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवशील.

आत्या

---

सिंदी मेघे
२४ एप्रिल २०२५

ती. आत्यास जय भीम.

स्वीटीचं ठरलं, फार बरं वाटलं. अमरला मी ओळखते, त्याच्या घरच्या बोअरचा पंप रुपेशनंच बसवला.

पण आत्या, एक सांगायचंय. १ मे पासून पुलात हळद बंद केली आहे, कोणाचीही. तशी पाटी लावली आहे. हळदीच्या तेलानं फिल्टरची वाळू चिकटून बसते आणि पाणी निवळत नाही. हळद बाहेर लॉनवर खेळा, पाहिजे तेवढी खेळा, नळाखाली धुऊन टाका आणि मग या. पण माखलेल्या अंगानं पाण्यात कोणी नाही.

दादाला तू सांगशील का? मी फोन केला होता, पण त्यानं स्वीटीच्या घागऱ्याचं सांगायला सुरुवात केली आणि माझी जीभ उचलली नाही.

मेघा

---

तळेगाव (श्यामजी पंत)
३० एप्रिल २०२५

मेघा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना.

मार्च महिन्यात साऱ्या दुनियेनं त्या पाण्यात हळद कालवली. तुझा फिल्टर तेव्हा चिकटला नाही. आपल्या घरची पाळी आली आणि नेमका चिकटला? १ तारखेनंतरची पहिली हळद कोणाची आहे, ते तुला माहीत होतं. मी १२ तारखेला कळवलं, तू २४ तारखेला नियम केलास. यातून मी काय समजायचं, तूच सांग.

मी रत्नदीपला सांगितलं. तो उठून अंगणात गेला. त्याच्या सासरचे आधीच म्हणत होते, "एवढ्या मोठ्या लॉनवर आपल्याले कोण पाण्यात उतरू देते?" तो छाती ठोकून म्हणाला होता, तिथं आपली मेघा आहे. आता त्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं, की आपल्या मेघानंच दार लावलं?

तुला बोर्ड मिळाला, किल्ली मिळाली. किल्ली हातात आली की माणसाचं काय होतं, हे मी पुष्कळ मुख्याध्यापकांमध्ये पाहिलं आहे. तुझ्यात दिसेल असं वाटलं नव्हतं. फिल्टरची वाळू बदलता येते. नियम १ जूनपासून कर.

आत्या

---

सिंदी मेघे
८ मे २०२५

ती. आत्या,

नियम १ मे पासूनच आहे.

तू जे लिहिलंस ते मी रुपेशला दाखवलं नाही. मला मुख्याध्यापक म्हटलंस ते तर अजून टोचतंय, पण ते असो. तुला वाटतं मी आपल्या माणसांवरच जोर दाखवते. इथं रोज काय चाललंय तेही ऐक. बबनरावांना नियम नकोच होता. आपल्या घरची हळद आहे कळल्यावर त्यांची कळी खुलली. काल खुर्चीत रेलून म्हणतात, "घरच्यायची हळद आहे मॅडम, होऊन जाऊ द्या. खोला कुलूप. पन मंग बाकीच्यायच्या टायमाले मले नियम सांगू नका." समजलं? त्यांना मी तुमच्यासाठी कुलूप काढलेलं हवंय. तुमच्यासाठी काढलं की ते सगळ्यांसाठी निघालं, आणि मग त्या पाण्यात काय होईल ते होवो, मी तोंड उघडायचं नाही.

म्हणून आधीच सांगते. १८ तारखेला गेटला कुलूप असेल. तुझी खुर्ची पुढच्या रांगेत असेल, पण कुलपाच्या अलीकडे. दादानं आयुष्यभर बोलणं टाकलं तरी चालेल. तूही टाक. मला वाईट वाटेल, फार वाटेल, पण किल्ली देणार नाही.

मेघा

---

सिंदी मेघे
२१ मे २०२५

ती. आत्यास जय भीम.

लग्न छान झालं. मी मागच्या रांगेत होते. दादानं बघून न बघितल्यासारखं केलं, ते ठीकच आहे.

हळदीच्या दिवशीचं तू सगळं डोळ्यांनी पाहिलंस, पण ऐकलं किती ते मला माहीत नाही. म्हणून जे तुझ्या कानापर्यंत गेलं नाही ते लिहिते. तुझ्याविषयी बोललेलं तुलाच कळू नये हे बरोबर नाही.

तुम्ही सगळे पिवळेधमक होऊन गेटपाशी आलात तेव्हा डीजे जोरात होता. बबनरावांनी माईक घेतला आणि म्हणाले, "आम्ही तं तयार आहो हो पाव्हणे, पन तुमच्याच घरच्या मॅडमनं कुलूप लावलं. आता तुम्हीच त्याह्यले इचारा." एवढं बोलून बाजूला झाले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. स्वीटी रडायला लागली, तिच्या गालावरची हळद ओघळली. दादा पुढं आला आणि म्हणाला, "इतके दिवस दुसऱ्यायनं अडवलं आपल्याले, आज तू अडवून राह्यली." आत्या, हे वाक्य त्यानं हळू म्हटलं, पण मला अजून तेच ऐकू येतं.

मग तू काठी टेकत आलीस आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून विचारलंस, "काऊन वं?"

मी सांगितलं. तू म्हणालीस, "काय?" मी पुन्हा सांगितलं. तू पुन्हा, "काय?" तुला आठवत असेल, मी आजूबाजूला बघत होते. बबनराव डोळे वटारून होते. ही गोष्ट बाहेर काढायची नाही, असं आमचं ठरलेलं होतं. ठरलेलं कसलं, त्यांनी ठरवलेलं आणि मी गप्प बसलेले. पण तुझ्या कानात कुजबुजता येत नाही, ही तुझी मेहेरबानी. मी तुझे खांदे धरले आणि जीव खाऊन ओरडले, "आत्या, याच पाण्यात एक पोरगी बुडाली होती! हळदीनं तळ दिसत नव्हता! मी पायानं चाचपून काढली तिले!"

मी तोंड उघडलं तेवढ्यातच त्या डीजेवाल्यानं गाणं बदलायला आवाज बंद केला होता. शेवटच्या मांडवातल्या आचाऱ्यापर्यंत गेलं ते.

तू ऐकलंस तेवढं एवढंच. उरलेलं आता लिहिते. तेव्हा लिहायला घेतलं की हात थांबायचा. वीस एप्रिलच्या हळदीत वऱ्हाडातली एक पाच वर्षांची मुलगी. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. आई काठावर शोधते, "इथंच होती, इथंच होती." पाण्यात माणसंच माणसं, सगळी नाचताहेत, आणि पाणी असं की गुडघ्याखालचा स्वतःचा पाय दिसू नये. मी सगळ्यांना बाहेर हाकललं आणि कपड्यांसकट उतरले. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. भिंतीला धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाय घासत चालत राहिले, शेतात हरवलेलं काही शोधतात तशी. माझ्या तळव्याला तिचे केस लागले.

वाचली. पाणी ओकली, रडली, दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी गेली. तिच्या घरच्यांना लग्नात बोभाटा नको होता आणि बबनराव म्हणाले, "पोरगी बरी आहे ना, मंग आपल्या पोटावर काऊन पाय देता?" रुपेशलाही भीती वाटली, की बंगल्यांची कामं जातील. मी गप्प बसले, पण पाटी लावली. आमच्या धंद्यात एकच मोठा नियम आहे आत्या. तळाची पाणी खेचणारी जाळी वरून स्पष्ट दिसली तरच माणूस पाण्यात, नाहीतर कुलूप. घरच्या पुलात तळ नेहमी दिसायचा, म्हणून तो नियम मला कधी बोलावाच लागला नव्हता. मोठा पूल घेतला आणि पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडावर बोलावा लागला. ते तोंड नेमकं तुमचं निघालं, त्याला मी काय करू?

मग तू कुलपाला हात घातलास आणि ओढून पाहिलंस. मला वाटलं, आता तोडणार. तू वळलीस, खुर्ची ओढलीस आणि कुलपाला पाठ लावून बसलीस, काठी मांडीवर आडवी. त्यानंतर तुझ्या पाठीमागे काय झालं ते सांगते. बबनराव आपल्या माणसांना म्हणाले, "म्हातारीले उचला तिथून, फोटो खराब होऊन राह्यले." आणि आत्या, दादा, जो माझ्याशी बोलत नाही तो दादा, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माह्या मायले हात लावून पाह्य." कोणी लावला नाही.

पुढचं तुला माहीत आहे. रुपेशनं दुकानातून पंप आणला, बोअरच्या पाण्याचा फवारा लॉनवर सोडला आणि स्वीटी तिच्या मैत्रिणींसोबत चिखल होईपर्यंत नाचली.

दुसऱ्या दिवशी बबनराव म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, बरं. फक्त एवढं लिहून द्या, की तळ दिसत नसताना लोकांना पाण्यात उतरवायला मेघा तयार नव्हती, म्हणून तिला काढलं. खाली सही करा, मी घरी जाते. त्यांनी लिहून दिलं नाही. मग मी पंप सुरू केला आणि तळ घासायला घेतला. अजून जातेय. हळदीचं एक बुकिंग रद्द झालं, म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत, पण दुसऱ्या एका लॉनवाल्यानं आज विचारलं, की तुमची पाटी आमच्याकडे पण लावता का. मी सांगितलं, पाटी एकटी येत नाही, किल्ली घेऊन येते.

पोरगी बुडाल्याचं ऐकून बोरगावच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र माझं काम बंद केलं. जाऊ दे.

तुझ्या रागाला मी उत्तर द्यायला नको होतं, तुला खरं सांगायला हवं होतं. पण नियमाबद्दल मी माफी मागणार नाही.

मेघा

---

तळेगाव (श्यामजी पंत)
१ जून २०२५

चि. मेघास आत्याचे भरपूर आशीर्वाद.

आधी भांडण. एवढी मोठी गोष्ट घडली आणि मला तू फिल्टरची वाळू सांगितलीस. म्हातारी घाबरेल असं वाटलं असेल. हापशीवर बादली घालून बसलेली बाई घाबरते होय? खरं लिहिलं असतंस तर मी हळदीच्या सगळ्या बायांना तळेगावातच सरळ केलं असतं. तुला मुख्याध्यापक म्हटलं ते मागे घेते, कारण एकाही मुख्याध्यापकानं कधी असं कुलूप लावलेलं मी पाहिलं नाही. तुझ्यावरचा राग मात्र अजून थोडा ठेवला आहे, पुरवून पुरवून वापरीन.

रत्नदीप बोलेल. त्याला वेळ लागतो, त्याच्या बापालाही लागायचा. परवा त्यानं स्वतःहून पंचफुलाला सांगितलं, "माह्या बहिणीनं साऱ्या लॉनवाल्यायसमोर कुलूप नाई खोललं." सांगताना मान ताठ होती. मला सांगितलं नाही, पण माझ्या पोराचे ओठ मला लांबूनही वाचता येतात.

आता जे तुला माहीत नाही ते. तुला वाटलं मी तुझ्यासाठी खुर्चीत बसले. नाही. कुलूप ओढून पाहिलं तेव्हा मी ते तोडायलाच आले होते. तू ओरडून सांगितलंस ते ऐकूनही माझा हात कुलपावर होता. एका पोरीचा जीव वाचला, चांगलं झालं, पण आमची पोरगी रडते आहे आणि साऱ्या वऱ्हाडासमोर आमची शोभा होते आहे, असंच माझ्या मनात होतं. मग गेटच्या जाळीतून माझी नजर आत गेली. इतकं मोठं पाणी मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तळाच्या फरशीची रेघ अन् रेघ दिसत होती. खालची जाळी दिसत होती. कोणाच्या तरी कानातलं पडलेलं होतं, तेही दिसत होतं. हे पाणी तू त्या दिवसासाठी असं ठेवलं होतंस, आमच्यासाठी, आणि कुलूपही आमच्यासाठीच लावलं होतंस. हे कळल्यावर मी कुलपावरचा हात काढला आणि खुर्ची ओढली. बसल्यावर लक्षात आलं, की आता माझ्या पाठीमागून कोणी आत जाऊ शकत नाही. मग मुद्दामच बसून राहिले.

माझ्या आईला कोणी विचारलं नाही, की तुला पाण्यात उतरायचं आहे का. मलाही कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. नदीत पाय बुडवले, हापशीवर बादल्या भरल्या, शाळेतल्या पोरांना पाण्याचे धडे शिकवले. गळ्यापर्यंत पाणी कसं लागतं ते मला माहीत नाही. माझं वय तुला ठाऊक आहे, तेव्हा आता थांबण्यात अर्थ नाही.

९ जूनला, सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. बोरगावच्या डॉक्टरीणीचं काम गेलं, तेव्हा तुझी सकाळ मोकळी असेलच. तुझ्या पाटीवर लुगडं नेसून उतरायला मनाई आहे, हे मी त्या दिवशी खुर्चीत बसून वाचलं. स्वीटीनं मला तो तुमचा पोशाख आणून दिला आहे. अंगावर धरून पाहिला तर पोरगी इतकी हसली की रडायला लागली. हळद लावणार नाही, डोक्याला तेल लावणार नाही, आधी आंघोळ करीन. फुकट येणार नाही, तिकीट काढीन आणि पुढच्या गेटनं येईन. बबनरावांनी म्हातारी कोण म्हणून विचारलं, तर माझं नाव आडनावासकट सांग.

मी आधी काठावर उभी राहून खाली बघीन. तळ दिसला नाही तर मुकाट्यानं परत जाईन, एक शब्द बोलणार नाही. पण तळ दिसला, तर मग मला कोणी अडवायचं नाही. तूसुद्धा नाही.

आत्या